परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींची सुरक्षितता

(कुसगाव येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या गावात कोणी मांडला असता तर लोक हसले असते. परदेशात शिकायचे ते बड्या घरच्या मुलांनी, आपल्या मुलाला पुण्याचे कॉलेज मिळाले तरी पुष्कळ, अशीच तेव्हाची समजूत होती. आता तसे राहिलेले नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती दर वर्षी ७५ जणांना देण्याची तरतूद आहे. शिवाय कर्ज काढून, गुंठा-दोन गुंठे विकून मुलांना डॉक्टरकीसाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानकडे धाडणारी घरेही आता आपल्या ओळखीत निघतात. जायचे कसे, यावर मार्गदर्शनाची शिबिरे पुष्कळ होतात. गेल्यावर मूल तेथे सुखरूप कसे राहावे, यावर मात्र कोणी बोलत नाही. विमानतळावर हार घातला, फोटो काढला, की आपले काम संपले असे आपण धरून चालतो.

एका दुःखद घटनेपासून सुरुवात करणे आम्हांस भाग आहे. ४ जून २०२४ रोजी रशियातील वेलिकी नोवगोरोद शहरापाशी वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील मुले होती. ही मुले मोकळ्या वेळात नदीकाठी फिरायला गेली, पाण्यात उतरली, एक जण अडचणीत आल्यावर बाकीचे धावले, आणि चौघांनाही नदीने ओढून नेले. त्यांतला एक जण त्या वेळी घरच्यांशी फोनवर समोरासमोर बोलत होता आणि घरचे त्याला "बाहेर ये" म्हणून विनवत होते, असे वृत्तपत्रांतून आले. हजारो मैलांवरून आईबाप पाहत होते, सांगत होते, आणि काही करू शकत नव्हते. ते वाचून आमच्या हातून वर्तमानपत्र खाली ठेवले गेले.

आता त्याच महिन्यात आपल्या दाराशी काय झाले ते आठवा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून वर्षासहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. आपल्यापैकी कोणी तेथे उभे असते तर ओरडून सांगितले असते, की बाबांनो, वर डोंगरात पाऊस धरला आहे, पाणी तांबूस झाले आहे, पानेकाटक्या वाहून येताहेत, आता उठा. आपल्याला हे कोणी शाळेत शिकवले नाही. मावळात जन्मलेल्या पोराला ते कळते. पुण्यातल्या माणसाला कळत नाही, आणि पुणे येथून किती लांब आहे? मग जळगावच्या मुलाला रशियातली नदी कशी कळावी? वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला खाली किती ओढ आहे, हे त्या काठी वाढलेल्यालाच ठाऊक.

आमच्या मते परदेशातील सुरक्षिततेचे मर्म येथेच आहे. चोर, गुंड, वंशद्वेष्टे यांची भीती आपल्याला पहिल्यांदा वाटते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मूल संकटात येते ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. तेथल्या साध्यासुध्या गोष्टी त्याला ठाऊक नसतात आणि सांगणारे कोणी जवळ नसते, हे पहिले. दुसरे असे, की काही बिनसले तर ते घरी सांगण्याची त्याला सोय नसते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर अर्धे काम झाले.

पहिली गोष्ट माणसांची. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. अमेरिकेत त्या अगदी अनोळखी जागी उतरल्या नाहीत. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता, त्यांच्याच घरी त्या प्रथम राहिल्या आणि त्यांना मावशी मानीत. परकी बाई, परका धर्म, पण घर मिळाले. पुढे फिलाडेल्फियात कॉलेजच्या वेळी मात्र थंडी, अपुरा आहार आणि मायदेशीचाच पोशाख यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. खोलीतली शेकोटी धड जळत नसे, धूर सोसा नाही तर गारठा सोसा अशी अवस्था असे, असे त्यांच्याविषयी लिहिलेले आहे. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय २१. आपण त्यांचे नाव पहिली डॉक्टरीण म्हणून घेतो. पण खोली, ऊब आणि जेवण या तीन गोष्टी विद्यार्थ्याच्या जिवाशी कशा निगडित असतात, हेही त्यांच्या आयुष्यातून दिसते.

परमपूज्य बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे महिन्याला साडेअकरा पौंड मिळत, त्यातून घरीही पाठवायचे असत. वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही, म्हणून त्यांनी जागा बदलली आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले. ती मैत्री जन्माची झाली. १९२० साली लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी बाबासाहेब निघाले तेव्हा याच मित्राने ५,००० रुपये उसने दिले. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९१७ साली महायुद्ध चालू असताना ते परतले, तेव्हा त्यांचे पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले होते आणि ती बोट पाणतीराने बुडाली. पुस्तके गेली ती गेलीच, पण सामानाचा विमा उतरवलेला होता, म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये हाती आले. एवढ्या ओढगस्तीतल्या विद्यार्थ्याने विम्याचा खर्च वाचवला नव्हता, हे आमच्या तरुण मित्रांनी ध्यानात घ्यावे. "आम्हाला काय होते" म्हणून आरोग्यविम्याचा स्वस्तातला कागद शोधणाऱ्यांना आम्ही नेहमी हे सांगतो.

विम्याविषयी थोडे. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. तो भरल्यावर तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते, पण पोहोचल्यावर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असते. ते अनेक जण करीत नाहीत आणि मग तापात तडफडतात. जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया येथे विद्यार्थ्याला आरोग्यविमा सक्तीचा आहे. अमेरिकेत रुग्णवाहिकेतून नेले तरी बिल येते, म्हणून कशाला किती संरक्षण आहे ते आजारी पडण्याआधी वाचून ठेवावे.

खोलीचे बोलायचे तर, आपल्याकडे पावसाळ्यात दार लावून कोळशाची शेगडी पेटवू नये हे म्हातारी माणसे सांगतात. तेथे तीच गोष्ट गॅसच्या हीटरची. नीट न जळणाऱ्या हीटरमधून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. त्याची सूचना देणारे छोटे यंत्र मिळते. ते खोलीत आहे की नाही हे पहिल्या दिवशी पाहावे, आणि धुराची घंटा वाजते म्हणून तिच्यावर कापड बांधू नये. फोडणीच्या धुराने ती वाजते हे खरे. तेव्हा खिडकी उघडावी, घंटा बंद करू नये. खोली न पाहता कोणाच्याही खात्यात आगाऊ भाडे भरू नये. पहिले काही आठवडे विद्यापीठाच्याच वसतिगृहात काढलेले बरे.

रस्त्याचेही असेच. अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात वाहने उजवीकडून चालतात. आपण रस्ता ओलांडताना सवयीने आधी उजवीकडे पाहतो, तेथे गाडी डावीकडून अंगावर येते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे आपल्यासारखेच डावीकडून. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लाल-पिवळी निशाणे लावलेली असतात, त्यांच्या मधल्या पाण्यातच उतरायचे असते. समुद्राच्या ओढीत सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडावे, आणि ते न जमल्यास तरंगत राहून हात वर करावा. आणि बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याने उडी घेऊ नये, त्याच्याकडे दोरी, ओढणी, फांदी, तरंगणारे काहीही टाकावे. हे कुसगावच्या पोरांनीही ऐकून ठेवावे.

मदतीचे क्रमांक घरीच पाठ करून जावेत. अमेरिका व कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपातील बहुतेक देशांत आणि रशियातही ११२, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये. घाबरलेल्या माणसाला फोनमध्ये नंबर शोधता येत नाही.

रात्रीच्या एकट्या प्रवासाबद्दल मुलींनाच सांगितले जाते, ते पुरेसे नाही. २००९ साली मेलबर्न आणि इतर शहरांत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, त्यांत मुलगेही होते. रात्रीचे काम संपवून, भाडे कमी म्हणून लांबच्या उपनगरात राहणारी मुले शेवटच्या गाडीने एकटी परतत. आम्ही मुलांना सांगतो की काम निवडताना पगाराबरोबर परतीची वाटही पाहावी. कोणी हिसकावू लागला तर फोन देऊन टाकावा. फोन पुन्हा घेता येतो.

आता एक नाजूक मुद्दा. परदेशात आपली माणसे भेटली की जीव सुखावतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या समाजातील मुलांना तेथे आपल्याच देशबांधवांकडून आडनाव विचारले जाते, खोलीत स्वयंपाक वेगळा ठेवला जातो, हेही घडते. ही तक्रार हवेतली असती तर तिची दखल परक्यांनी घेतली नसती. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगर परिषदेने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. तेव्हा असा अनुभव आला तर मुलांनी गप्प बसू नये आणि हातघाईवरही येऊ नये. तारीख, वेळ, बोललेले शब्द लिहून ठेवावेत आणि विद्यापीठाच्या तक्रार कक्षाकडे द्यावेत. आणि मैत्री सगळ्यांशी करावी. बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये मित्र मिळाला तो पारशी, आनंदीबाईंना मावशी मिळाली ती अमेरिकन ख्रिस्ती, हे आपण पाहिलेच.

यानंतर पैसा. येथे मुलांच्या सुरक्षिततेला सर्वांत मोठे छिद्र पडते, असे आमचे मत आहे. घरावर कर्ज असले की मूल जास्त तास काम करू लागते. आज ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास एवढीच परवानगी आहे. हे नियम बदलतात, म्हणून दर सत्राला विचारून घ्यावेत. त्यापेक्षा जास्त काम रोखीने, चोरून केले की मूल मालकाच्या मुठीत जाते. पगार बुडवला तरी पोलिसांत जाता येत नाही, कारण नियम आपणच मोडलेला असतो. अमेरिकेत तर २०१९ च्या जानेवारीत फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण झाले. वर्ग न भरता कामाची मुभा देणारे हे विद्यापीठ तेथील सरकारनेच जाळे म्हणून उभे केले होते, आणि १२९ भारतीय विद्यार्थी ताब्यात घेतले गेले. काही जण जाणून गेले असतील, काही दलालांच्या बोलण्याला भुलले असतील, पण पैसे आणि वर्षे सगळ्यांचीच गेली. जेथे वर्ग नाही, शिक्षक नाही, ती जागा विद्यार्थ्याची नव्हे.

कोणी म्हणाला, "तुझ्या बँकखात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, तुला टक्का मिळेल," तर तो चोरीचा पैसा समजावा. खाते भाड्याने देणे हा तेथे गुन्हा आहे. वकिलातीतून किंवा व्हिसा कार्यालयातून बोलतो आहे, कागदात चूक आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भर नाही तर देशाबाहेर काढू, असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जावे. सरकारी कार्यालय फोनवर दंड गोळा करीत नाही.

पैशाच्या ओझ्यामुळे मुले कशी अडकून पडतात हे युक्रेनमध्ये सर्वांनी पाहिले. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधील आपल्या वकिलातीने कळवले, की ज्यांचे राहणे आवश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरता देश सोडण्याचा विचार करावा. मुले विचारीत राहिली की वर्ग घरून करता येतील का, हजेरी बुडेल का. त्यांना दोष कसा द्यावा? फी भरलेली, तिकिटे महागलेली, आणि २०२१ च्या नियमांनी वैद्यकीय शिक्षण एकाच संस्थेत पुरे करण्याचे बंधन घातलेले. २२ तारखेला वकिलातीने पुन्हा सांगितले, विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहू नका, निघा. २४ तारखेला युद्ध सुरू झाले आणि आकाश बंद झाले. १ मार्चला खारकीव्हमध्ये खाण्याचे सामान आणायला बाहेर पडलेला कर्नाटकातील एक विद्यार्थी ठार झाला. २ मार्चला खारकीव्हच्या मुलांना संध्याकाळी सहाच्या आत, वाहन नसेल तर चालत, शहराबाहेरच्या तीन गावांकडे जायला सांगण्यात आले. सुमी शहरातील मुले ८ मार्चपर्यंत तळघरांत होती, पाणी नाही म्हणून बर्फ वितळवून पीत होती. ऑपरेशन गंगेच्या ९० विमानफेऱ्या झाल्या आणि सुमारे २२,५०० भारतीय परत आले, ही मोठीच कामगिरी. पण १५ ते २३ फेब्रुवारी हे नऊ दिवस आमच्या मनातून जात नाहीत.

म्हणून परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्यांना फी-भाड्यासाठी हात लावू नये. शिष्यवृत्ती असली तरी हप्ता लांबू शकतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा खर्च पदरी असावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर विद्यार्थ्याची नोंद करता येते, ती जाताच करावी. पत्ता बदलला की तेथेही बदलावा. वकिलातीला आपण कोठे आहोत हे ठाऊक नसेल तर ती आपल्याला शोधणार कोठे? अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. निराधार झालेल्याला परतीचे तिकीट, आणि वेळ आलीच तर मृतदेह घरी आणण्याचा खर्च, त्यातून होऊ शकतो. त्याची मागणी वकिलातीकडेच करायची असते.

आता पालकांकडे वळतो. आपण फोनवर काय विचारतो? जेवलास का, अभ्यास कसा आहे, पैसे पुरतात का. मूल तिन्हींना "हो" म्हणते. आई रडेल, बाप जमीन विकल्याचे बोलून दाखवेल, भावकी हसेल, हे त्याला माहीत असते. मग नापास झालेला विषय, सोडलेली नोकरी, रात्ररात्र झोप न येणे हे सगळे ते गिळते. एका आईने आम्हांस सांगितले, की मुलगा चार महिने कॅमेरा बंद ठेवूनच बोलत होता, नेट चालत नाही म्हणे. तो वाळून काटा झाला होता, ते आईला दिसू नये म्हणून. जाण्याआधीच एक वाक्य आईबापांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावे: "नाही जमले तर परत ये, आम्ही कोणाला जाब देणे लागत नाही." आणि ते मनापासून म्हणावे, कारण पोरांना खोटे लगेच कळते. प्रत्येक चांगल्या विद्यापीठात मनाच्या त्रासासाठी समुपदेशक असतो. त्याच्याकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे, हेही घरातूनच सांगितले जावे.

घरात एक वही ठेवा. मुलाच्या पासपोर्टची, व्हिसाची, विम्याच्या कागदाची प्रत, खोलीचा पूर्ण पत्ता, घरमालकाचा आणि खोलीतल्या सोबत्यांपैकी दोघांचा नंबर, विद्यापीठाच्या कार्यालयाचा आणि तेथील भारतीय वकिलातीचा नंबर. फोन हरवेल, पाण्यात पडेल, वही राहील. ती वही घरातल्या निदान दोघांना वाचता यावी, म्हणून अक्षर नीट काढा.

आणि शेवटची गोष्ट. मुलाचा पासपोर्ट निघतो, आईबापांपैकी कोणाचाच नसतो. उद्या मूल तेथे दवाखान्यात पडले तर जायचे कोणी? घरातील एकाने तरी पासपोर्ट आताच काढून ठेवावा. केंद्र पुण्यात मुंढव्याला आहे. अर्ज भरून वेळ घेण्याचे काम आमची मुले आज याच ठिकाणी करून देतील. त्यासाठी आधारकार्ड, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला लागेल. ज्यांनी आणला नसेल त्यांनी घरी जाऊन घेऊन यावे, आम्ही संध्याकाळी सातपर्यंत थांबणार आहोत.

जयभीम.